चित्रफितींचे घरगुती कोठार : मांडणी कशी निवडावी
(पळसदरी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



आपल्या प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणत्या मुलाचे नाव कोणत्या तारखेस दाखल झाले, हे आपण पाच मिनिटांत काढून दाखवितो. जडसंग्रह नोंदवहीत मोडक्या खुर्चीचीही नोंद सापडते. परंतु दहा वर्षांपूर्वीच्या प्रजासत्ताक दिनी याच शाळेच्या मुलांनी जे लेझीम केले, त्याची चित्रफीत कोठे आहे असे कोणी विचारल्यास उत्तर बहुधा असे मिळते की, ती अमक्या गुरुजींच्या मोबाईलमध्ये होती आणि गुरुजींची बदली झाली. यात गुरुजींचा दोष नाही. त्यांनी चित्रण केले म्हणून तर ते कधी काळी होते. ते कोणाच्या स्वाधीन करावे, याची सोय शाळेत नव्हती, एवढेच.

घरीही याहून निराळी स्थिती नाही. लग्नाची व्हीएचएस कॅसेट कपाटात, मुलांच्या लहानपणीचे चित्रण एखाद्या जुन्या मेमरी कार्डात, वडिलांनी म्हटलेल्या अभंगाचे चित्रण भावाच्या मोबाईलमध्ये. हे सर्व एका ठिकाणी आणून ठेवावे आणि घरातील कोणत्याही टीव्हीवर किंवा मोबाईलवर हवे तेव्हा पाहावे, यासाठी जी व्यवस्था करतात तिला मीडिया सर्व्हर म्हणतात. नाव मोठे असले तरी वस्तू साधी आहे. एक संगणक, त्याला जोडलेली हार्ड डिस्क, आणि मागणी येताच चित्रफीत पडद्याकडे पोहोचविणारा एक प्रोग्रॅम. यास घरातला राउटर पुरतो. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी काम अडत नाही. ज्यांच्या वाडीवर नेटवर्क शोधण्यासाठी टेकाडावर जावे लागते, त्यांना या एका गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

अशा मांडणीचे प्रकार पुष्कळ आहेत आणि दुकानदार प्रत्येकच प्रकार उत्तम असल्याचे सांगतो. आपण शिक्षकांनी निवडीस एकच कसोटी लावावी, असे माझे मत आहे. ज्या मांडणीचा कार्यभार दुसऱ्याच्या हाती देता येतो, ती घ्यावी. उद्या आपली बदली झाली, किंवा घरात आपण नसलो, तर मागे राहिलेल्या माणसास ती उघडता येईल काय, चालविता येईल काय, आणि यंत्र बिघडल्यास आतील चित्रफिती बाहेर काढता येतील काय? या कसोटीवर बाजारातील निम्म्या मांडण्या आपोआप गळतात.

आता निवडीची सुरुवात कोठून करावी? बहुतेक लोक यंत्रापासून करतात आणि फसतात. सुरुवात पडद्यापासून करावी. घरात एकच टीव्ही असेल, पाहणारे सर्वजण त्याच्यासमोरच बसत असतील, तर सर्व्हरची गरजच नाही. टीव्हीच्या मागे यूएसबीची जागा असते, तेथे हार्ड डिस्क लावावी आणि पाहावे. असे स्पष्ट सांगणारा वक्ता तुम्हांस थोडा विक्षिप्त वाटेल. पण अनावश्यक यंत्र घरात आणणे ही काही प्रगती नव्हे. एवढे मात्र ध्यानात असू द्या की, फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल राहत नाही. म्हणून ती एक्सफॅट पद्धतीने आखून घ्यावी, आणि टीव्ही ती वाचतो की नाही हे आधी पाहावे. पडदे दोन-तीन झाले, शाळेत एका वर्गात टीव्ही, दुसऱ्यात प्रोजेक्टर आणि मुलांच्या हाती टॅब अशी स्थिती आली, की मग सर्व्हरचा विचार योग्य ठरतो.

पडदा पाहिल्यावर चित्रफितीची भाषा पाहावी लागते, आणि येथेच बहुतेकांची माशी शिंकते. चित्रण साठविताना ते विशिष्ट पद्धतीने दाबून बसविलेले असते. एच.२६४ ही २००३ सालची पद्धत आज जवळजवळ प्रत्येक टीव्हीला आणि मोबाईलला समजते. तिच्यानंतर २०१३ साली आलेली एचईव्हीसी ही पद्धत जागा कमी घेते. अलीकडचे अनेक मोबाईल तिच्यातच चित्रण करतात. पण शाळेतल्या जुन्या टीव्हीला ती कळत नाही. अशा वेळी सर्व्हर काय करतो? तो दर क्षणाला चित्रफितीचे रूपांतर करीत ती पुढे पाठवितो.

तुमच्यापैकी ज्यांनी आदिवासी वाडीवर पहिलीचा वर्ग घेतला आहे, त्यांना हे श्रम ठाऊक आहेत. पुस्तक प्रमाण मराठीत, समोरचे मूल कातकरी बोलणारे, शेजारचे ठाकरी बोलणारे. शिक्षक एक वाक्य वाचतो, मनात उलथवतो आणि मुलाच्या बोलीत सांगतो. एका मुलासाठी हे जमते. पाच मुलांना पाच बोलींत एकाच वेळी सांगावयाचे झाल्यास कोणाचाही घसा बसेल. सर्व्हरचेही तसेच होते. पंखा ओरडू लागतो, चित्र अडखळते, आणि लोक म्हणतात की सर्व्हर वाईट. वास्तविक त्याला पुस्तके वाटण्याचे काम द्यावयास हवे होते, भाषांतराचे नव्हे. यावर उपाय असा की, ज्या चित्रफिती जुन्या पडद्यांना समजत नाहीत, त्यांची एच.२६४ मधील एक प्रत हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रॅमने सावकाश, रात्री संगणक चालू ठेवून, एकदाच करून घ्यावी. मूळ चित्रफीत मात्र पुसू नये. रूपांतरात काही अंश उणा होतोच, आणि आज जुना असलेला टीव्ही उद्या नवा येणार आहे.

कर्जत स्थानकात गाडीला मागून जादा इंजिने लावतात, ती भोर घाटासाठी. हेच इंजिन खोपोलीच्या लोकलला कोणी लावीत नाही. आपल्या वाटेत घाट आहे काय, हे आधी ठरले म्हणजे यंत्राची निवड सोपी होते. चित्रफिती आधीच सर्वांना समजणाऱ्या भाषेत आणून ठेवल्या, तर घरात पडून असलेला जुना लॅपटॉपही उत्तम सर्व्हर होतो. त्याचा एक मोठा गुण असा की, वीज गेली तरी बॅटरीवर तो चालू राहतो आणि डिस्कवरचे लिखाण अर्धवट तुटत नाही. बॅटरी फुगलेली असल्यास मात्र तो वापरू नये. ती काढून टाकून छोटा यूपीएस जोडावा. लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा, म्हणजे साधारण २०१७ चा किंवा नंतरचा असेल, तर प्रसंगी एखाद्या चित्रफितीचे रूपांतरही तो न धापा टाकता करतो, कारण त्याच्या प्रोसेसरमध्येच त्यासाठी वेगळी सोय आहे.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचे आकर्षण विज्ञानप्रेमी शिक्षकांना विशेष असते. केवळ वाटपासाठी तो ठीक आहे. रूपांतराचे काम मात्र त्याजकडून घेऊ नये. २०२३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत तर एच.२६४ साठी असलेली यंत्रातील सोयही काढून टाकलेली आहे. नवेच यंत्र घ्यावयाचे असेल, तर इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरचा छोटा संगणक मला अधिक योग्य वाटतो. विजेचा हिशेब मुलांना गणितासाठीही उपयोगी पडेल : वर्षभर अहोरात्र चालणारा प्रत्येक वॅट वर्षाकाठी ८.७६ युनिट खातो. म्हणजे ६० वॅट घेणारा जुना मोठा संगणक सुमारे ५२५ युनिट, आणि १० वॅटवर भागणारा छोटा संगणक सुमारे ८८ युनिट. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे. अर्थात, तो अहोरात्र चालवावा असा कोठे नियम आहे? सायंकाळी सुरू करावा, निजताना बंद करावा.

राउटरपासून टीव्हीपर्यंत शक्य तेथे तारच टाकावी. जाड चिऱ्याच्या किंवा दगडी भिंतींतून वाय-फाय क्षीण होत जाते. एच.२६४ मधील साधारण चांगली चित्रफीत सेकंदास ५ मेगाबिट घेते. तासाला सव्वादोन जीबी, आणि १ टीबीच्या डिस्कवर सुमारे ४४० तास. एका घराच्या किंवा एका शाळेच्या संग्रहास हे मुबलक आहे.

आता प्रोग्रॅम. येथे कार्यभाराची कसोटी खरी लागू पडते, म्हणून थोडा इतिहास सांगतो. प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन ही तीन नावे तुमच्या कानी येतील. प्लेक्स दिसण्यास देखणा आहे आणि नवख्या माणसास सोपाही आहे. परंतु त्याचे खाते कंपनीच्या दप्तरी असते. घराबाहेरून स्वतःच्याच चित्रफिती पाहण्याची सोय पूर्वी त्यात विनामूल्य होती. २९ एप्रिल २०२५ पासून तिला शुल्क लागू झाले. कंपनीने आपल्या मालाचे दाम घ्यावे, यात गैर काही नाही. पण शाळेचे खाते गुरुजींच्या खासगी ईमेलवर उघडलेले असेल, तर बदलीनंतर त्या कोठाराची किल्ली कोणाजवळ राहिली? एम्बी हा आरंभी सर्वांस खुला होता. २०१८ साली त्याच्या चालकांनी पुढील काम खुले न ठेवण्याचे ठरविले. तेव्हा काही जाणकारांनी खुल्या असलेल्या अखेरच्या भागावरून त्याच वर्षाच्या डिसेंबरात निराळी शाखा काढली, तीच जेलीफिन. ती विनामूल्य आहे, तिची खाती आपल्याच यंत्रावर राहतात, आणि कोणाही कंपनीच्या परवानगीवाचून ती चालते. तिची घडी बसविण्यास प्रथम थोडे अधिक श्रम पडतात. काही टीव्हींवर तिचा प्रोग्रॅम सहज मिळत नाही, तेथे टीव्हीला स्वस्तातली अँड्रॉइड पेटी जोडावी लागते. तरीही शाळेसाठी मी जेलीफिनच सुचवीन. घरासाठी प्लेक्स घेतल्यास माझी हरकत नाही.

सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांच्या तयार पेट्याही मिळतात. त्या नीटनेटक्या असतात. पण सिनॉलॉजीने आपला स्वतःचा व्हिडिओ स्टेशन हा प्रोग्रॅम २०२४ मध्ये नव्या आवृत्तीतून काढून टाकला, हे ध्यानात ठेवावे. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी संपली, हे तर आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेच आहे. म्हणून प्रोग्रॅम कोणताही असो, चित्रफिती साध्या फोल्डरमध्ये साध्या नावांनी असाव्यात, म्हणजे उद्या प्रोग्रॅम नाहीसा झाला तरी फोल्डर उघडून हवी ती चित्रफीत काढता येते.

आता प्रतींविषयी. एका पेटीत दोन डिस्क बसवून दोन्हींवर तेच लिहिण्याची सोय असते आणि लोक निश्चिंत होतात. ही निश्चिंती खोटी आहे. चुकून पुसलेली चित्रफीत दोन्हींवरून एकदमच पुसली जाते, आणि वीज कोसळली तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ज्वालाग्राही नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून जुनी रिळे नष्ट झाली. ज्यांचे कामच जतन करण्याचे, त्यांच्याकडे असे घडू शकते, तर आपल्या कपाटाचे काय?

आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. जेथे माणसे गेली तेथे वस्तूंचा हिशेब मांडणे मला प्रशस्त वाटत नाही. पण गेलेल्या माणसाची चाल, त्याचा आवाज ज्या चित्रणात आहे, ते मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने केवळ वस्तू राहत नाही. वाडीवरच्या मुलांचे चित्रण आपण शिक्षक करतो. कित्येक घरांत त्या मुलाचे तेवढेच चित्रण असते, किंवा तेही नसते. म्हणून दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर आणि तिसरी निराळ्या गावी, एवढी शिस्त तरी पाळावी. तिसरी प्रत पुण्याला किंवा ठाण्याला असलेल्या मुलाकडे अथवा बहिणीकडे दिवाळीत नेऊन द्यावी. शाळेची असल्यास केंद्रशाळेत, सही घेऊन. या प्रतीच्या डिस्का एक्सफॅट पद्धतीने आखाव्यात. सर्व्हरची मुख्य डिस्क लिनक्सच्या पद्धतीने आखलेली असेल, तर आपल्या मागून येणाऱ्या शिक्षकाचा विंडोज संगणक ती उघडणार नाही, आणि त्यास वाटेल की आत काहीच नाही.

दूर असलेल्या मुलांना चित्रफिती पाहता याव्यात म्हणून सर्व्हर इंटरनेटवर उघडा करण्याचा सल्ला कोणी देतात. तो मानू नये. पुष्कळ घरगुती जोडण्यांना स्वतंत्र पत्ताच नसतो, त्यामुळे तो खटाटोप बहुधा फुकट जातो; आणि सफल झाल्यास त्याहून वाईट, कारण मुलांचे चेहरे असलेला संग्रह रस्त्यावर मांडल्यासारखा होतो. डिस्क हाती नेऊन द्यावी, हे बरे. शाळेतील सर्व्हरवर मुलांसाठी निराळे खाते असावे आणि त्यात पाठांचे फोल्डर तेवढे दिसावे. बाजारातले चित्रपट त्यावर भरून ठेवू नयेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्यापुरते चित्रपट दाखविण्यास मुभा देते. घरोघरी प्रती वाटण्यास नव्हे.

आपल्या भागात पावसाळा हा सर्व यंत्रांचा परीक्षक आहे. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. फीत तुटते आणि यंत्राचे डोकेही खराब होते, व मग पुढची प्रत्येक कॅसेट त्या दोषाची वाटेकरी होते. ती जाणत्याकडून साफ करवून घ्यावी, आणि लवकर. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनविणे थांबविले. आता जी यंत्रे आहेत ती दुरुस्त करून वापरलेलीच. डिस्क स्टीलच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि वर्षातून दोनदा काढून चालवून पाहावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या जिल्ह्यात कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. मेघगर्जना सुरू झाली की सर्व्हरची आणि राउटरची तार भिंतीतून उपसावी. बटण बंद करणे पुरेसे नाही.

एवढे सर्व साधले तरी एक काम यंत्राच्या हातचे नाही, आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाजारातला चित्रपट सर्व्हरवर ठेवला की तो इंटरनेटवरून त्याचे नाव, वर्ष, नटांची यादी आणि भित्तिचित्र आपोआप आणतो. तुमच्या स्नेहसंमेलनाविषयी जगातील कोणत्याही दप्तरात काही लिहिलेले नाही. उलट, संग्रहाचा प्रकार ‘घरगुती व्हिडिओ’ असा निवडला नाही, तर सर्व्हर नावातील साम्य पाहून त्यावर एखाद्या परदेशी चित्रपटाचे भित्तिचित्र चिकटवितो. मुलांना त्याची मोठी मौज वाटते. म्हणून नावे आपणच द्यावीत. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर प्रसंग, वाडी आणि इयत्ता. तारखेचे अंक इंग्रजी व सर्वत्र एकाच धाटणीचे घ्यावेत, म्हणजे फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. जेलीफिनमध्ये वर्णन लिहिण्याची सोय आहे, आणि ते वर्णन चित्रफितीशेजारीच निराळ्या फाईलमध्ये जतन करण्याचा पर्याय आहे. तो अवश्य निवडावा.

त्याबरोबर कागदाची एक नोंदवही ठेवावी. सर्व्हरचा संगणक जडसंग्रहात चढेल, पण आतील चित्रफितींना तेथे रकाना नाही. या वहीत अनुक्रमांक, दिनांक, प्रसंग, चित्रण करणाराचे नाव, चित्रात कोण कोण आहेत, प्रती कोठे कोठे आहेत, आणि माहिती कोणी सांगितली, एवढे रकाने पुरेत. पहिल्या पानावर डिस्का कोणत्या, जोडणी कशी, आणि सुरू व बंद करण्याचा क्रम लिहावा. सांकेतिक शब्द मात्र बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे द्यावा. बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत ही वही आणि हा लिफाफा यांचा उल्लेख असावा.

‘चित्रात कोण आहेत’ हा रकाना भरणे सर्वांत कठीण. वीस वर्षांपूर्वीच्या गौरीच्या नाचात डाव्या बाजूस उभी असलेली बाई कोण, ती म्हणत असलेले गाणे कोणत्या वाडीचे, हे तुम्हांआम्हांस ठाऊक नसते. ठाऊक असलेली माणसे वाडीवर आहेत आणि ती वयोवृद्ध आहेत. भातकापणी आटोपली की त्यांना एका सायंकाळी शाळेत बोलवावे, चहा द्यावा आणि चित्रफीत लावावी. ती आपसांत बोलू लागतील, नावे घेतील, मधूनच वादही घालतील. आपण वही घेऊन शेजारी बसावे. यासाठी सर्व्हर येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एक टीव्ही आणि एक पेन ड्राइव्ह पुरे आहे.